टू-स्ट्रोक इंजिनाचें तेल आणि कार्ब्युरेटरचा जेट

आपल्या शेतींत लहान पेट्रोल इंजिनांचा शिरकाव इतक्या झपाट्यानें झाला आहे कीं, ज्या घरीं ट्रॅक्टर नाहीं त्या घरींहि आज पाठीवरचा पॉवर पंप सांपडतो. विदर्भ-मराठवाड्यांत कपाशी व तूर यांवर औषध फवारण्यास, कोंकणांत आंबा-काजूच्या बागांतील गवत कापण्यास, घांटमाथ्यावर फांद्या छाटण्यास व लांकूड कापण्यास हीं यंत्रें नेहमींचीं झालीं आहेत. त्यांपैकीं पुष्कळांस टू-स्ट्रोक इंजिन असतें. तें वजनानें हलकें, त्याचे भाग थोडे, आणि आकाराच्या मानानें ताकद मोठी. पाठीवर वा खांद्यावर वागवावयाच्या यंत्रास हेंच सोयीचें. मात्र या इंजिनास तेल निराळें घालावयाचें नसून तें पेट्रोलांतच मिसळून द्यावयाचें असतें, आणि दुरुस्तीच्या दुकानीं येणाऱ्या बहुतेक तक्रारींचा उगम येथेंच आहे.

फवारणीचें काम उद्यांवर टाकण्याजोगें नसतें. तूर फुलोऱ्यांत आली, शेंगा पोखरणारी अळी दिसूं लागली, आणि आभाळ दोन दिवस निवळलें, कीं तेवढ्या अवधींत फवारा मारून झाला पाहिजे. अशा दिवशीं इंजिन ‘धरलें’, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्यें जाम होऊन बसला, तर होणारा तोटा नव्या पिस्टनच्या किंमतींत मोजतां येत नाहीं.

इंजिन तापूं लागलें कीं तेल वाढवावयाचें, आणि धूर दिसूं लागला कीं तेल कमी करावयाचें, हा उपाय सर्वत्र रूढ आहे. तो दोन्हीकडून चुकीचा आहे असें प्रस्तुत लेखकाचें स्पष्ट मत आहे. पेट्रोलांत तेल किती असावें हा एक प्रश्न. कार्ब्युरेटरमधून हवेबरोबर पेट्रोल किती यावें हा दुसरा. पहिल्याचा दोष दुसऱ्यानें किंवा दुसऱ्याचा पहिल्यानें झांकूं पाहिल्यास बिघाड मात्र वाढतो. हें कसें, तें समजण्यास प्रथम इंजिनाची रचना थोडी पाहिली पाहिजे.

इंजिनाची रचना :— ट्रॅक्टर किंवा हल्लींची मोटारसायकल यांच्या इंजिनांत खालीं तेलाचा सांठा असतो व तेंच तेल पुन्हां पुन्हां फिरत राहतें. टू-स्ट्रोक इंजिनांत ती सोय नाहीं. येथें क्रँककेस हा एक भाता आहे. पिस्टन वर गेला कीं हवा व पेट्रोल यांचें मिश्रण या भात्यांत ओढलें जातें, आणि पिस्टन खालीं आला कीं तेंच दाबलें जाऊन सिलिंडरमध्यें वर चढतें. क्रँककेसचा असा पंपासारखा उपयोग करण्याचें पेटंट इंग्लंडांतील बाथ येथील जोसेफ डे यानें १८९१ मध्यें घेतलें. पुढल्याच वर्षीं त्याच्याकडील फ्रेडरिक कॉक यानें पिस्टनच्या कडेनेंच उघडझांप होणारें छिद्र योजून आंत येण्याच्या वाटेवरील झडपहि काढून टाकली. आज आपल्या पाठीवर जें इंजिन घरघरतें त्याचा मूळ सांगाडा तोच आहे.

ज्या भात्यांतून सारें मिश्रण जावयाचें तेथें तेलाचा सांठा ठेवतां येत नाहीं. म्हणून तेल पेट्रोलाबरोबरच येतें. आंत उष्णतेनें पेट्रोलाची वाफ होते, पण तेल तसें उडून जात नाहीं. तें बारीक थेंबांच्या रूपानें बेअरिंगांवर, पिस्टनवर व सिलिंडरच्या भिंतीवर बसतें, आपलें काम करतें, आणि शेवटीं जळून सायलेन्सरवाटें जातें. थंड इंजिन सुरू करतांना थोडा निळसर धूर येणें हें यामुळें स्वाभाविकच आहे. पूर्ण वेगानें चालणाऱ्या अशा इंजिनाचे मिनिटास ७००० फेरे होत असतील तर आंत ७००० स्फोट होतात, कारण येथें प्रत्येक फेऱ्यास एक स्फोट ठरलेला. तेवढ्या धांवपळींत वंगणाचा पुरवठा क्षणभर तुटला तरी तें पिस्टनवर उमटल्याशिवाय राहत नाहीं.

तेलाचें प्रमाण :— ज्या वाचकांनीं चेतक, लुना किंवा राजदूत वापरली आहे त्यांस पेट्रोल विक्रीच्या पंपावरील ‘टू-टी’ तेलाचें हातयंत्र आठवत असेल. त्या काळीं मिसळण्याचें काम पंपावरचा माणूस करी. आज तें शेतकऱ्यास स्वतः करावें लागतें, आणि तें बहुधा ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ अशा रीतीनें होतें. कोणी बाटलीचें टोपण मोजतो, कोणी रंग पाहून थांबतो.

यंत्राच्या पुस्तिकेंत २५:१, ४०:१ किंवा ५०:१ असें प्रमाण दिलेलें असतें. त्याचा अर्थ, एक भाग तेलास तितके भाग पेट्रोल. एका लिटर पेट्रोलास २५:१ या प्रमाणानें ४० मिलिलिटर, ४०:१ नें २५ मिलिलिटर आणि ५०:१ नें २० मिलिलिटर तेल लागतें. पांच लिटरांचा कॅन भरावयाचा असेल तर हेच आंकडे अनुक्रमें २००, १२५ व १०० असे होतात. येथें एक घोटाळा वारंवार घडतो, तो सांगून ठेवतों. पुस्तिकेंत ‘४०:१’ पाहून लिटरास ४० मिलिलिटर तेल घालणारे पुष्कळ आहेत. तें प्रमाण ४०:१ नव्हे, २५:१ झालें. त्याच न्यायानें ‘५०:१’ चे ५० मिलिलिटर केले तर तें २०:१ होतें. आंकडा जितका मोठा तितकें तेल कमी, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे.

मापाकरितां औषधाच्या दुकानीं मिळणारी २० मिलिलिटरची पिचकारी फार सोयीची. मात्र कीटकनाशक मोजण्याचें माप आणि तेलाचें माप एकच ठेवूं नये. तेलाचें माप कॅनच्या मुठीस दोरीनें बांधून ठेवावें. मिश्रण यंत्राच्या टाकींत करूं नये. टाकींत आधीं तेल ओतलें तर तें तळाच्या नळींत व गाळणींत जाऊन बसतें, आणि पहिलीं दहा मिनिटें इंजिन धूर ओकून पुढें कोरडें चालतें. स्वच्छ कॅनमध्यें अर्धें पेट्रोल घ्यावें, त्यांत सगळें तेल घालून चांगलें हालवावें, मग उरलेलें पेट्रोल ओतून पुन्हां हालवावें. शेतावर कॅन नेल्यावर, टाकी भरण्याआधीं, आणखी एकदां हालवावें.

तेल कोणतें घ्यावें याविषयीं फार शास्त्र नको. बाटलीवर ‘जॅसो एफसी’ किंवा ‘एफडी’ अशी खूण असलेलें टू-स्ट्रोक तेल हवेनें थंड होणाऱ्या या इंजिनांस योग्य होय. ‘एफडी’ त्यांत अधिक चांगलें, कारण त्याचा मळ कमी बसतो. ‘टीसी-डब्ल्यू-३’ असें लिहिलेलें तेल होडीच्या, पाण्यानें थंड होणाऱ्या इंजिनाकरितां असतें. तें आपल्या पंपास घालूं नये. ट्रॅक्टरचें किंवा मोटारसायकलचें तेल तर मुळींच नको. त्यांतील धातुयुक्त द्रव्यें जळून राख मागें राहते, व ती प्लगवर आणि पिस्टनच्या माथ्यावर धरते. पूर्वीं साध्या खनिज तेलाच्या दिवसांत १६:१ किंवा २०:१ असें दाट प्रमाण ठेवावें लागे. आजच्या तेलांस त्याची गरज नाहीं, म्हणून जुन्या मिस्त्रींचा हात थोडा सैल असतो. शर्यतीच्या इंजिनांत एके काळीं एरंडेल वापरीत, व कॅस्ट्रॉल हें नांवहि एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच आलें. पण एरंडेल जळून चिकट लेप बसतो, तेव्हां घरच्या घाण्याचें तेल पाहून कोणी मोहांत पडूं नये.

कार्ब्युरेटरचा भाग :— हवा ओढली जात असतां तिच्या ओघांत पेट्रोल सोडणें हें कार्ब्युरेटरचें काम. तें पेट्रोल पितळेच्या एका लहान बोंडींतील छिद्रांतून येतें. त्या बोंडीस जेट म्हणतात. इंजिन नुसतें घरघरत असतां पायलट जेट काम करतो, एक्सलेटर अर्धामुर्धा ओढला असतां सुई पेट्रोलाचें माप ठरविते, आणि पाऊण ते पूर्ण ओढल्यावर मेन जेटची सत्ता चालते. फवारणी व गवतकापणी हीं कामें जवळजवळ पूर्ण वेगावर होतात, म्हणून आपल्या दृष्टीनें मेन जेट महत्त्वाचा. कांहीं कार्ब्युरेटरांत सुटा जेट नसून ‘एल’ व ‘एच’ असे दोन स्क्रू असतात. ‘एल’ कमी वेगाचा, ‘एच’ पूर्ण वेगाचा. स्क्रू उजवीकडे फिरविला तर पेट्रोल कमी होतें, डावीकडे फिरविला तर वाढतें.

हवेच्या मानानें पेट्रोल कमी पडलें तर त्या मिश्रणास मेकॅनिक ‘लीन’ म्हणतात, जास्त झालें तर ‘रिच’. मराठींत लीन म्हणजे नम्र. परंतु हें लीन मिश्रण नम्र मुळींच नाहीं. तें जास्त तापून जळतें, आणि आंत येणारें पेट्रोल कमी असल्यानें त्याच्या वाफेपासून मिळणारा थंडावाहि कमी होतो. शिवाय पेट्रोलाबरोबरच तेल येत असल्यामुळें पेट्रोल कमी म्हणजे तेलहि कमी. उष्णता वाढली व वंगण घटलें, मग पिस्टन फुगून धरण्यास कितीसा वेळ?

आतां मूळ मुद्दा. शेतकरी मिस्त्रीकडे जातो व म्हणतो, “मिस्त्री, पंप फार गरम होतो, मध्येंच दम टाकतो.” मिस्त्री सांगतो, “तेल वाढवा, भाऊ.” सल्ला सद्‌बुद्धीचा आहे, पण हिशेब करून पाहावा. जेटचें छिद्र तेंच आहे. त्यांतून येणाऱ्या मिश्रणाच्या १००० भागांत ५०:१ या प्रमाणानें सुमारें २० भाग तेल व ९८० भाग पेट्रोल असतें. तेल दुप्पट करून २५:१ केलें म्हणजे तेल सुमारें ३८ भाग व पेट्रोल ९६२ भाग होतें. म्हणजे तेल वाढविल्यानें पेट्रोल जवळजवळ २ टक्क्यांनीं कमी झालें. त्यांत दाट मिश्रण छिद्रांतून किंचित् हळूच वाहतें. तेल अधिक घातलेलें मिश्रण ‘रिच’ होतें हा समज म्हणून उलटा आहे. हवेच्या मानानें तें लीन होतें. बेअरिंगांस चार थेंब अधिक मिळतात हें खरें, परंतु पिस्टनच्या माथ्यावरची आग त्यानें विझत नाहीं. दोन टक्के हा आंकडा एकटा असतां इंजिन मारीत नाहीं; तो इतर कारणांच्या जोडीस येतो तेव्हां घात होतो.

याची साक्ष पाहावयाची असल्यास जुन्या मोटारसायकलींकडे पाहावें. यामाहा कंपनीनें १९६४ मध्यें ‘ऑटोल्यूब’ नांवाची योजना आणली. तींत तेलाची टाकी निराळी व तेल पोंचविणारा लहानसा पंप निराळा. आपल्याकडे १९८५ पासून आलेल्या आरएक्स १०० गाडीस तीच व्यवस्था होती. अमेरिकेंत १९८८ ते २००६ पर्यंत विकल्या गेलेल्या यामाहा ब्लास्टर या चारचाकी रानगाडीसहि तीच. या गाड्यांच्या कार्ब्युरेटरांतून निव्वळ पेट्रोल येई, म्हणून जेटहि त्या हिशेबानें बसविलेला असे. तेलाच्या पंपावर विश्वास न राहून अनेकांनीं तो काढून टाकला व पेट्रोलांत तेल मिसळूं लागले. पण आतां जेटमधून येणाऱ्या प्रवाहांत तीन-चार टक्के तेल असणार, म्हणून मेन जेट थोडा मोठा हवा, हें कित्येकांच्या ध्यानांत आलें नाहीं. त्याच रानगाड्यांस हौशी लोक मोकळा सायलेन्सर व रुंद एअर फिल्टर बसवितात. हवा वाढते, पेट्रोल तेवढेंच राहतें. आपल्याकडे हौस नसते, पण घाण झालेला फिल्टर फेंकून देऊन पंप तसाच चालविण्याची पद्धत आहे. परिणाम एकच, वर धूळ आंत जाऊन रिंगा घासतात तें निराळें.

धुराचीहि तशीच गोष्ट. सतत काळपट धूर येतो, प्लग काजळीनें भरतो, तेव्हां बहुधा मिश्रण रिच असतें, फिल्टर चोंदलेला असतो किंवा चोक अर्धवट ओढलेला राहिलेला असतो. अशा वेळीं तेल कमी करणारा शेतकरी मूळ दोष तसाच ठेवून वंगणावर मात्र कात्री चालवितो.

इथेनॉलचा नवा प्रश्न :— वरील सर्व गोष्टी जुन्याच आहेत. गेल्या कांहीं वर्षांत त्यांत एका नव्या कारणाची भर पडली आहे. पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण जून २०२२ मध्यें देशांत सरासरीनें १० टक्क्यांवर गेलें; २० टक्क्यांचें पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून विक्रीस येऊं लागलें आणि २०२५ मध्यें देशाची सरासरीहि २० टक्क्यांवर पोंचली. हें इथेनॉल आपल्याच उंसाच्या मळीपासून व रसापासून, तसेंच मका व तांदूळ यांपासून होतें, तेव्हां शेतकऱ्यानें त्याचा राग करावा असें नाहीं. परंतु ज्याच्या जेटचें छिद्र निव्वळ पेट्रोलाकरितां पाडलेलें आहे त्या यंत्रास हा बदल सोसवत नाहीं.

एक किलो पेट्रोल जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलास सुमारें ९ किलो पुरते. २० टक्के मिश्रणास हा आंकडा १३.५ च्या आसपास येतो. म्हणजे तीच हवा व तोच जेट असतां इंजिन सुमारें ८ टक्क्यांनीं लीन चालूं लागतें. हल्लींच्या गाड्यांत संगणक हें ओळखून पेट्रोल वाढवितो. पाठीवरच्या पंपाच्या कार्ब्युरेटरास कोण सांगणार? पुष्कळ परदेशी बनावटीच्या यंत्रांच्या पुस्तिकेंत इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालेल असें छापलेलें असतें. नवें यंत्र घेतांना तें पान अवश्य वाचावें व दुकानदारास विचारावें. जुन्या यंत्रांतील रबरी पडदे व नळ्या इथेनॉलानें फुगतात किंवा कडक होतात, तोहि एक खर्च आहे.

उपाय कठीण नाहीं. ‘एच’ स्क्रू असेल तर तो डावीकडे अष्टमांश फेरा मोकळा करून पुढें सांगितलेल्या रीतीनें आवाज पाहावा. सुटा जेट असेल तर एक आंकडा मोठा घ्यावा. मात्र सर्व कंपन्यांचे आंकडे एका मापाचे नसतात. कांहींच्या जेटवरील आंकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत दाखवितो, तर कांहींचा एका मिनिटांत वाहणाऱ्या द्रवाचें माप दाखवितो. पहिल्या प्रकारांत ७० च्या जागीं ७५ घातला तर छिद्राचें क्षेत्र सुमारें १५ टक्क्यांनीं वाढतें, दुसऱ्या प्रकारांत प्रवाह ७ टक्क्यांनींच. एका कंपनीचा जेट दुसरीच्या कार्ब्युरेटरांत बसला म्हणून तो योग्य झाला असें होत नाहीं.

पेट्रोलांत इथेनॉल किती आहे हें घरीं पाहतां येतें. १०० मिलिलिटरच्या खुणांच्या कांचेच्या नळींत १० मिलिलिटर पाणी व ९० मिलिलिटर पेट्रोल घ्यावें, बूच लावून हालवावें व दहा मिनिटें स्थिर ठेवावें. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यांत उतरतें. तळचा थर १० वरून २७-२८ च्या आसपास चढला तर पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल आहे. हा प्रयोग उघड्यावर, विस्तवापासून दूर करावा. तें पेट्रोल पुन्हां इंजिनांत घालूं नये. अशा रीतीनें पाण्यानें इथेनॉल काढून टाकून पेट्रोल ‘शुद्ध’ करण्याचा उद्योग कोणी करतात असें ऐकतों. तो करूं नये. त्यांत पाण्याचा अंश राहतो, आणि इथेनॉल गेल्यानें पेट्रोलाचा ऑक्टेन आंकडा उतरून इंजिन ठोका देऊं लागतें.

या प्रयोगांत जें दिसतें तेंच पावसाळ्यांत आपल्या टाकींत नकळत घडतें, आणि माझ्या मतें हा सर्वांत फसवा धोका आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतें. १० टक्के इथेनॉलाचें पेट्रोल लिटरास सुमारें ५ मिलिलिटर पाणी पोटांत ठेवूं शकतें. २० टक्क्यांचें थोडें अधिक. त्यापुढें पाणी गेलें कीं इथेनॉल व पाणी यांचा एक थर वेगळा होऊन तळाशीं बसतो, आणि तेल वरच्या पेट्रोलाबरोबर राहतें. टाकींतील नळीचें तोंड तळाशीं असतें. म्हणजे इंजिनास प्रथम जें मिळतें त्यांत तेल जवळजवळ नसतेंच. शेतकऱ्यानें प्रमाण बरोबर मोजलें, तेल चांगलें घातलें, आणि तरीहि पिस्टन कोरडा पडून धरला, अशा कित्येक तक्रारींचें मूळ येथें असावें. हवेंतून येणारें पाणी थोडें असतें. खरें पाणी येतें तें पंप धुतांना झांकणांतून किंवा उघड्या कॅनवर पडलेल्या पावसांतून. कांचेच्या पेल्यांत टाकीच्या तळचें थोडें पेट्रोल काढून पाहिलें तर दोन थर डोळ्यांनीं दिसतात. दिसल्यास सगळें फेंकावें; हालवून तें पुन्हां एकजीव होत नाहीं.

ऋतु व उंची :— विदर्भांत मे महिन्यांत ४४ अंशांच्या उन्हांत बसविलेला जेट डिसेंबरांतील सकाळीं १० अंशांवर जसाच्या तसा चालणार नाहीं. थंड हवा दाट असते. या दोन तापमानांत तिच्या घनतेंत सुमारें १२ टक्क्यांचा फरक पडतो, आणि दाट हवेस पेट्रोल अधिक हवें. तुरीवरील फवारणी नेमकी त्याच थंडींत येते. उलट, कोंकणांतून महाबळेश्वराच्या बाजूस नेलेलें गवतकापणीचें यंत्र तेथें रिच चालेल, कारण १३५० मीटर उंचीवर हवा समुद्रकांठापेक्षां सुमारें आठव्या हिश्श्यानें विरळ असते. तें जरा धूर देईल, ताकद थोडी कमी दाखवील, पण मरणार नाहीं. वरून खालीं आणलेल्या यंत्राची मात्र काळजी घ्यावी.

जेटला हात लावण्यापूर्वीं :— जेट बदलण्याची घाई करूं नये. आधीं एअर फिल्टर धुवावा. टाकीच्या झांकणांतील हवेचें छिद्र मोकळें आहे का पाहावें. तें बुजलें तर टाकींत ओढ बसून पेट्रोल येईनासें होतें व दोष बिचाऱ्या जेटवर जातो. टाकींतील गाळणी बदलावी. सायलेन्सर उतरवून धूर बाहेर जाण्याच्या छिद्राकडे पाहावें. जास्त तेल घालणाऱ्यांच्या इंजिनांत तेथें काजळीचा दगड बनलेला असतो. पिस्टननें छिद्र झांकलें जाईल असा फेरा फिरवून लांकडाच्या किंवा बांबूच्या चोयीनें तो खरवडावा. इंजिनावरच्या पंखांत अडकलेलें गवत काढावें. जेट साफ करावयाचा तर पेट्रोलानें धुऊन हवा मारावी. तार कदापि घालूं नये, कारण मऊ पितळेचें छिद्र तारेनें मोठें होतें आणि मग त्यावरील आंकडा खोटा ठरतो.

एक्सलेटर सोडला तरी इंजिनाचा वेग पटकन् उतरत नाहीं, नुसतें चालतांना आवाज आपोआप चढतो-उतरतो, आणि स्क्रू फिरवूनहि फरक पडत नाहीं, असें असेल तर कोठून तरी परकी हवा आंत शिरत आहे असें समजावें. कार्ब्युरेटरखालचें गास्केट फाटलेलें असतें किंवा क्रँकचें सील गेलेलें असतें. चांगला मेकॅनिक इंजिनाचीं तोंडें बंद करून हलका दाब देतो व साबणाच्या फेंसाचे बुडबुडे पाहतो. अशा इंजिनास जेट वाढविणें म्हणजे फुटक्या पाटाला पाणी वाढविण्यासारखें आहे.

आवाजावरून ओळख :— सर्व साफ असेल, मिश्रण ताजें असेल आणि इंजिन तापलेलें असेल तेव्हांच स्क्रूस हात लावावा. ‘एल’ स्क्रू फिरवून इंजिन सर्वांत जलद घरघरेल तो बिंदु शोधावा व तेथून तो किंचित् डावीकडे मोकळा करावा. गवतकापणीच्या यंत्राचें पातें जागेवर ठेवूनच पूर्ण एक्सलेटर थोडा वेळ ओढावा. गवत नसतां इंजिनाचा सूर एकसारखा, किंचाळल्यासारखा उंच लागला तर तें लीन आहे. ‘एच’ स्क्रू मोकळा करीत गेल्यावर सूर मध्येंच फुटून भर्रभर्र असा तुटक होतो. त्या तुटक आवाजाच्या अगदीं कांठावर स्क्रू ठेवावा. मग गवतांत पातें घातलें कीं आवाज स्वच्छ झाला पाहिजे, आणि बाहेर काढलें कीं पुन्हां किंचित् फुटला पाहिजे. ही खूण कोणत्याहि मोजपट्टीपेक्षां भरंवशाची आहे. नवीन यंत्रांत या स्क्रूंवर टोप्या असतात व ते ठराविक मर्यादेंतच फिरतात. त्या टोप्या फोडूं नयेत, अधिकृत दुरुस्तीवाल्याकडे जावें.

फवारणीच्या पंपास ही रीति लागू पडत नाहीं, कारण त्याच्या पंख्याचा भार सदैव अंगावर असतो. तेथें प्लग पाहावा. नवा प्लग लावून पूर्ण वेगावर कांहीं मिनिटें पंप चालवावा, वेग न उतरवितां स्विच बंद करावा, आणि निवल्यावर प्लग काढावा. टोंकाचा रंग फिकट तपकिरी असावा. पांढरा राखेसारखा असेल तर मिश्रण लीन. कोरडा काळा असेल तर रिच. काळा व ओला तेलकट असेल तर तेल अधिक. इथेनॉलाच्या पेट्रोलावर प्लग थोडा अधिक फिकट दिसतो, एवढी सवलत द्यावी.

इंजिन धरलेंच तर पिस्टन फेंकण्यापूर्वीं तो हातीं घेऊन पाहावा. ओरखडे मुख्यतः धूर जाण्याच्या बाजूस असतील तर मिश्रण लीन होतें किंवा इंजिन फार तापलें होतें. ओरखडे सभोंवार असतील तर वंगणच पोंचलें नाहीं. तेल विसरलें किंवा टाकींत थर फुटले. कारण न शोधतां नवा पिस्टन बसविला तर तोहि त्याच वाटेनें जातो.

हंगामानंतर :— मिसळलेलें पेट्रोल महिन्यापेक्षां अधिक ठेवूं नये, पावसाळ्यांत तर पंधरा दिवसांचेंच करावें. कॅन झांकण घट्ट लावून सावलींत ठेवावा. काम थांबवितांना एकदम स्विच न मारतां मिनिटभर इंजिन हळू चालूं द्यावें. हंगाम संपला कीं टाकी रिकामी करावी, कार्ब्युरेटरांतील पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें, प्लग काढून आंत चहाचा चमचाभर टू-स्ट्रोक तेल सोडावें, दोरी दोनदां हळू ओढावी, आणि पिस्टन वरच्या टोंकास येऊन छिद्रें झांकलीं गेलीं म्हणजे प्लग लावावा. यंत्र जमिनीपासून उंच, आणि खतांच्या पोत्यांपासून दूर ठेवावें. युरियाच्या ओलीनें कार्ब्युरेटरच्या धातूवर पांढरा लोणा चढतो.